पट्टीवरची फिकट रेघ

 

मी बोलते आहे नागपूरच्या गांधीबागेतून. तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ही जागा ठाऊक आहे. शिलाईचं काम करणाऱ्या गटांना ब्लाउजपीस, अस्तर, परकराचं कापड ठोक भावात घ्यायचं म्हटलं की गांधीबागेत यावंच लागतं. इथंच डागा दवाखाना आहे, म्हणजे डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय. आपल्यातल्या कितीतरी जणींची बाळंतपणं तिथं झाली. एका हातात कापडाचं गाठोडं आणि दुसऱ्या हातात दवाखान्याची चिठ्ठी, अशा बायका मला इथं नेहमी भेटतात. आजची गोष्ट अशाच एकीची आहे.

ती मौद्याकडच्या एका गावातली. नाव सांगत नाही. तिनंच म्हटलं, गोष्ट सांगा पण नाव नको. वय २७. लग्नाला तीन वर्षं झालेली. नवरा बुटीबोरीला कंपनीत कामाला, तिथंच खोली करून राहतो, सुटीला घरी येतो. कापडाची खरेदी झाली, आम्ही चहा प्यायला बसलो, तशी ती हळूच म्हणाली, "ताई, मले दर महिन्याला दोन रेघा येतेत. मंग दिवस काऊन राहत नाही?"

मला आधी वाटलं, ही गर्भ तपासायच्या पट्टीबद्दल बोलते आहे. म्हटलं, अगं, दोन रेघा आल्या तर दिवस राहिलेच की! तर तिनं पिशवीतून, कापडाच्या खालून, एक पाकीट काढलं. ती पट्टी वेगळी होती. स्त्रीबीज केव्हा सुटणार याचा अंदाज देणारी. मेडिकलवाले तिला ओव्ह्युलेशन टेस्ट म्हणतात. पाकिटात पाच पट्ट्या होत्या, त्यातली एक उरली होती.

तिची रीत अशी. पाळी आल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर एक पट्टी करायची. दुसरी रेघ फिकट का होईना, दिसायची. ती खूश व्हायची. बाकीच्या पट्ट्या पुढच्या महिन्यासाठी जपून ठेवायची, कारण पाकीट काही स्वस्त नाही. मग नवऱ्याला फोन, की आज या. तो शिफ्ट बदलून यायचा, दोन दिवस राहून परत जायचा. असे चार महिने गेले. मधे नणंदेचं डोहाळजेवण झालं. ओटी भरायला सगळ्या सवाशिणींना बोलावलं, हिला कुणी हाक मारली नाही. ही आत भांडी घासत बसली. मला म्हणाली, "रेघ तं येते ताई, म्हणजे आतली मशीन बरोबर आहे. मंग माझं नशीबच खोटं असन."

नशिबाचा काही संबंध नव्हता. पट्टी तिला चारही महिने "अजून नाही" असं सांगत होती, आणि ती त्याचा अर्थ "हो" असा घेत होती. आज मला हेच नीट सांगायचं आहे. विषय लघवीचा आहे, पाळीचा आहे, नवराबायकोच्या जवळ येण्याचा आहे. घरात सासरे, दीर बसले असतील तर आवाज थोडा कमी करा, पण रेडिओ बंद करू नका. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेली साधी गटाची समन्वयक आहे. पण या पट्टीनं मलाही एकदा फसवलं आहे, ते पुढं सांगते.

आधी दोन पट्ट्यांतला फरक. आशाताईकडे जी पट्टी मिळते, सरकारी, "निश्चय" नावाची, ती दिवस राहिले की नाही हे सांगते. गर्भ रुजला की शरीरात एक खास हार्मोन तयार होतो. एरवी तो लघवीत सापडण्याइतका नसतोच. म्हणून त्या पट्टीवर ठरलेल्या वेळात दुसरी रेघ आली, अगदी फिकट आली, तरी ते होकाराचं लक्षण धरतात आणि दोन दिवसांनी पुन्हा करून पाहायला सांगतात. आपण सगळ्या हीच पट्टी आधी शिकलो. त्यामुळे दोन रेघा म्हणजे आनंदाची बातमी, हे डोक्यात पक्कं बसलं आहे.

दुसरी पट्टी मोजते एलएच नावाचा हार्मोन. हा आपल्या मेंदूच्या खालच्या एका छोट्या ग्रंथीतून येतो आणि बीजाशयाला निरोप देतो, की बीज तयार झालं आहे, आता सोड. आता लक्ष द्या. हा हार्मोन आपल्या अंगात थोडा थोडा रोजच असतो. पाळीच्या पाचव्या दिवशी असतो, पंचविसाव्या दिवशीही असतो. म्हणून या पट्टीवर फिकट दुसरी रेघ बऱ्याच जणींना कधीही दिसते. बीज सुटायच्या आधी मात्र तो एकदम उसळतो, धरणाचं दार उघडल्यासारखा. त्या वेळी दुसरी रेघ गडद होते.

म्हणून या पट्टीवर दोन रेघा मोजायच्या नाहीत, दोन रेघांचा रंग ताडून बघायचा. एक रेघ पट्टी नीट चालते आहे हे सांगणारी असते. तिच्याजवळ सहसा सी असं अक्षर असतं. दुसरी तपासणीची, टी अक्षराची. टीची रेघ सीच्या रेघेइतकी गडद किंवा तिच्याहून गडद असेल तरच होकार. टी फिकट असेल तर नकार, उद्या पुन्हा करा. टी नसेलच तर तोही नकार. आणि सीची रेघच आली नाही तर ती पट्टी वाया गेली, त्यावरून काहीच ठरवू नका. कपड्याला दोरा जुळवताना आपण दोरा कापडावर ठेवून उजेडात बघतो ना, तसंच. एका खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली ठरवू नका, दाराशी या.

मी हे चहाच्या टेबलावर तिला तिच्याच पट्टीच्या कागदावरून दाखवलं. कागदावर चित्रं होती, पण मजकूर बारीक इंग्रजीत. चित्रातली फिकट रेघ तिला दिसली होती, तिच्या खालचं इंग्रजी तिला वाचता आलं नव्हतं. दुकानदारालाही तिनं विचारलं नाही, कारण काउंटरवर गावचाच पोरगा होता. आपल्यातल्या किती जणी असं न विचारता परत येतात! निदान पाकिटातला कागद फेकू नका. गटात एखादी कॉलेजात जाणारी मुलगी असते, आशाताई असते, तिच्याकडून तो वाचून घ्या. प्रत्येक पाकिटाची वेळ थोडी वेगळी असते, आणि त्यात लिहिलेलंच खरं धरायचं.

आता दुसरी चूक, आणि माझ्या मते ही मोठी. अकरावा दिवस तिनं कुठून आणला? शेजारणीनं सांगितला होता. शेजारणीची पाळी २८ दिवसांनी येते. तिच्यासाठी अकरावा दिवस बरोबर आहे. आमच्या या बाईची पाळी येते ३५ दिवसांनी.

बीज सुटण्याचा दिवस पाळी आल्यापासून मोजून बरोबर सापडत नाही. तो पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी असतो. ही गोष्ट जगालाही फार उशिरा कळली. १९२० च्या दशकात जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस या दोन डॉक्टरांनी आपापल्या परीनं हे शोधून काढलं. तोवर मोठमोठे डॉक्टरही समजत होते की पाळीच्या आगेमागे गर्भ राहतो. आपल्याकडे अजूनही म्हाताऱ्या बाया सांगतात, पाचव्या दिवशी न्हाली की तेच दिवस बरे. त्यांना दोष देत नाही, पण २८ दिवसांची पाळी असलेल्या बाईचं बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं आणि ३५ दिवसांवालीचं एकविसाव्याच्या आसपास. अकरावा दिवस म्हणजे दहा दिवस आधी. नवरा शिफ्ट बदलून यायचा तो दहा दिवस आधी यायचा.

मग पट्टी केव्हा सुरू करायची? मागच्या तीनचार पाळ्या किती किती दिवसांनी आल्या ते लिहा. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस, पुढची पाळी यायच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा. समजा २७, ३०, २९ असे दिवस आले. त्यातला सगळ्यांत लहान आकडा घ्या, २७. त्यातून १७ वजा करा. राहिले १०. म्हणजे दहाव्या दिवसापासून रोज एक पट्टी. पाळी ३ तारखेला आली असेल तर दहावा दिवस १२ तारीख. १२ ला फिकट, १३ ला फिकट, १४ ला गडद. गडद आली की थांबा, उरलेल्या पट्ट्या जपून ठेवा. ३५ दिवसांवालीनं ३५ मधून १७ काढायचे, अठराव्या दिवशी सुरू करायचं. हिशेब गटाच्या व्याजापेक्षा सोपा आहे.

तारखा कुठं लिहाव्या? भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या तर घरादाराला दिसतात, हे मला माहीत आहे. आमच्या या बाईनं नंतर गटाच्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं खुणा केल्या. गटाच्या वहीला घरात दुसरं कुणी हात लावत नाही, एवढा तरी मान आहे आपल्या वहीला.

पट्टी करायची वेळही तिची चुकत होती. दिवस राहिल्याच्या पट्टीला सकाळची पहिली लघवी चांगली. या पट्टीला बहुतेक पाकिटांवर दुपारची किंवा संध्याकाळची वेळ सांगितलेली असते, कारण हा हार्मोन बहुधा पहाटे उसळायला लागतो आणि लघवीत उतरायला काही तास जातात. सकाळी दहा ते रात्री आठच्या मधली कुठलीही वेळ धरा, पण रोज तीच. त्याआधी दोन तास लघवीला जाऊ नका आणि तांब्याभर पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी पडते. आता धानाची रोवणी चालू असताना चिखलात उभ्या असलेल्या बाईला पाणी पिऊ नको म्हणणं बरोबर नाही, हे मलाही कळतं. अशा वेळी घरी आल्यावर, स्वयंपाकाला लागायच्या आधीची वेळ ठरवा. पट्टी कागदावर सांगितली तेवढीच बुडवायची, बाणाच्या खुणेच्या वर नाही. सपाट जागी ठेवायची आणि सांगितलेल्या मिनिटांनी बघायची. अर्ध्या तासानं वाळलेली पट्टी बघून काही ठरवू नका.

गडद रेघ आली. पुढं काय? रेघ गडद झाल्यावर साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. सुटलेलं बीज फार तर एक दिवस टिकतं, बारा ते चोवीस तास. पुरुषाचं बीज मात्र बाईच्या शरीरात तीन ते पाच दिवस जगू शकतं. म्हणजे बिजानं पुरुषाची वाट बघायची नाही, पुरुषबीजानं आधीच जाऊन वाट बघायची. अमेरिकेत २२१ बायकांची रोजची लघवी तपासून एक मोठा अभ्यास झाला, तो १९९५ मध्ये छापून आला. त्यात दिसलं की गर्भ राहिला तो बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस, एवढ्या सहा दिवसांतच. बीज सुटून गेल्यावरच्या संबंधातून नाही.

म्हणून गडद रेघ आली तो दिवस आणि पुढचे दोन दिवस चांगले. पण रेघेसाठी अडून बसू नका. पट्टी सुरू केल्यापासूनच एक दिवसाआड जवळ आलात तर उत्तम. ज्यांचा नवरा रोज घरी आहे त्यांना तर पट्टीची गरजही नाही. अंगावर जाणं थांबल्यापासून दोनतीन दिवसांनी एकदा संबंध आला तर तो काळ आपोआप सापडतो. पट्टीचा खरा उपयोग नवरा बाहेरगावी असलेल्यांना, ट्रकवर, कंपनीत, पोलिसात, फौजेत. त्यांना सुटी कोणत्या दिवशी मागायची ते कळतं.

पट्टी विकत न घेताही शरीर एक खूण देतं. मधल्या दिवसांत अंगावरून पांढरं जातं, ते त्या काळात पातळ, निसरडं, अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं होतं. दोन बोटांत धरलं तर तार निघते. ते आजाराचं नाही, चांगलं आहे. त्या दिवसांत बीज सुटायची वेळ जवळ असते. पण जे दह्यासारखं फुटलेलं जातं, खाज सुटते, वास येतो, हिरवट पिवळं जातं, कंबर आणि ओटीपोट दुखतं, ते दाखवायलाच हवं.

इथं थोडं थांबते, कारण हे आपल्या विदर्भाचंच दुखणं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सोबतच्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. १०० पैकी ९२ बायकांना खालच्या अंगाचा काही ना काही आजार निघाला. आणि त्याआधी तपासणी होऊन उपचार किती जणींना मिळाले होते? १०० पैकी फक्त ८ जणींना. त्याला आता पस्तीस वर्षांहून जास्त झाली, पण गटाच्या बैठकीत "पांढरं जाते" हे वाक्य अजूनही बाई बैठक संपल्यावर, चप्पल घालताना बोलते. असा आजार वर्षानुवर्षं अंगावर काढला तर गर्भनळी बंद होऊ शकते. क्षयरोगही गर्भनळीत बसू शकतो, खोकला नसतानाही. नळी बंद असेल तर पट्टीवर कितीही गडद रेघ येऊ दे, बीज आणि पुरुषबीज भेटतच नाहीत. पट्टी नळीबद्दल एक शब्दही सांगत नाही.

आता माझी फजिती सांगते. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा मीही हेच पाकीट आणलं. मी कागद नीट वाचला होता, इंग्रजी वाचता येतं मला. सुरू केलं तर पहिल्याच दिवशी गडद. दुसऱ्या दिवशी गडद. आठ दिवस गडद! मी नवऱ्याला म्हटलं, माझी तर कोंबडीच झाली, रोज अंडं. तो हसला, मीही हसले, आणि त्या महिन्यात, पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात काही झालं नाही. मग हसू येईना. माझी पाळी कधी ४० दिवसांनी, कधी ५५ दिवसांनी यायची आणि मी ते गांभीर्यानं घेतलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं, तुला पीसीओडी आहे. त्यात काही जणींचा एलएच सदाच चढलेला असतो. मेंदू दार ठोठावत राहतो आणि आतून बीज काही बाहेर येत नाही. पट्टी ठोठावल्याचा आवाज ऐकते, दार उघडलं की नाही हे तिला कळत नाही.

तर ज्यांची पाळी अनियमित आहे, दोनदोन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं, त्यांनी पट्टीवर पैसे घालवण्याआधी दवाखान्यात जावं. बीज खरंच सुटलं का, हे पुढची पाळी यायच्या सात दिवस आधी केलेल्या रक्ताच्या तपासणीतून कळतं, किंवा सोनोग्राफीत बीज वाढताना दिसतं. थायरॉईडही तपासतात. बीज तयार व्हायच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर पट्टी खोटी रेघ दाखवू शकते, तेव्हा डॉक्टरला विचारूनच करा. चाळिशी पार केलेल्या, पाळी जायला आलेल्या बाईलाही गडद रेघा येऊ शकतात. माझं औषध दीड वर्ष चाललं. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि या क्षणी बाहेर बसून माझ्या मोबाईलवर कार्टून बघते आहे.

रेघ कधीच गडद झाली नाही तर? एका महिन्यानं घाबरू नका. ही उसळी काही जणींमध्ये अर्ध्या दिवसात ओसरते आणि दोन पट्ट्यांच्या मधे निसटून जाते. फिकट रेघ जराशी वाढल्यासारखी वाटली तर त्या दिवशी दोनदा करा, दुपारी आणि रात्री. एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही, तेही होतं. पण दोनतीन महिने बरोबर दिवशी सुरू करूनही गडद आली नाही तर त्या वाळलेल्या पट्ट्यांचा फोटो काढून, तारखा लिहून डॉक्टरकडे न्या.

बैठकीत हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पट्टीवरून पोरगा व्हायचा दिवस कळते का?" नाही कळत. सम रात्री आणि विषम रात्री हे जुन्या लोकांचं गणित आहे, त्यात तथ्य नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरतं आणि कुठला दिवस धरला यानं ते बदलत नाही. यासाठी कुणी पुड्या, औषध, सोनोग्राफी देऊ करत असेल तर लक्षात ठेवा, गर्भाचं लिंग निवडणं आणि तपासणं याविरुद्ध १९९४ चा कायदा आहे. यावर मी जास्त बोलत नाही, बोलले की मला राग येतो.

त्यापेक्षा पुरुषांबद्दल बोलू. मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं. त्याची पहिली तपासणी बाईच्या सगळ्या तपासण्यांहून सोपी आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा, सुई नाही, सोनोग्राफी नाही. तरीही आधी बाई तीन डॉक्टर, दोन बाबा आणि एक देवस्थान करून येते, मग कुठं नवऱ्याचा विषय निघतो, तोही कुजबुजत. आपल्याकडच्या खर्ऱ्याबद्दलही बोललं पाहिजे. तंबाखूनं पुरुषबीजाची संख्या आणि चाल दोन्ही बिघडतात. बायको पट्टी बघते आहे आणि नवरा चौकात खर्रा घोटून घेतो आहे, हे किती घरांत चाललं आहे ते तुम्हीच मोजा.

डॉक्टरकडे केव्हा जायचं? वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष नियमित संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत तर. पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. पाळी अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल, आधी क्षयरोग किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर वाटच बघू नका. एवढंही सांगते, की सगळं ठीक असलेल्या तरुण जोडप्यालाही बरोबर दिवस साधून दर महिन्याला गर्भ राहतोच असं नाही. चारपाच महिन्यांतून एकदा, असा साधारण अंदाज धरतात. वर्षभरात १०० पैकी सुमारे ८५ जोडप्यांना दिवस राहतात. आणि ज्यांना राहत नाहीत त्या काही विरळा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की जगात सहापैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. तुमच्या गटात बारा जणी असतील तर हिशेब करा. त्यातल्या कुणीच बैठकीत हे बोलत नसेल तर त्या गप्प आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

जाताना दोघं जा. सकाळी लवकर निघा. पाळीच्या तारखांची वही आणि आधीचे सगळे कागद सोबत ठेवा. आणि मूल हवं असं ठरवलं त्या दिवसापासून फोलिक ॲसिडची गोळी सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. डॉक्टरांनी तुम्हाला जास्त मात्रा सांगितली असेल तर ती. दिवस राहिल्यावर सुरू करण्यापेक्षा आधीपासून घेतली तर बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे काही दोष टळतात. आपल्या भागात सिकलसेल आहे, तेव्हा त्याच फेरीत दोघांची सिकलसेलची रक्तचाचणीही करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते.

त्या मौद्याकडच्या बाईचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. तिनं नवं पाकीट घेतलं. या वेळी अठराव्या दिवसापासून, संध्याकाळी सहा वाजता, शेतातून आल्यावर. विसाव्या दिवशी रेघ इतकी गडद आली की तिनं मला फोन करून विचारलं, "ताई, हे तं जांभळीच झाली, बरोबर आहे ना?" नवऱ्यानं तीन दिवसांची रजा टाकली होती. मी तिला हेही म्हटलं, की तीन वर्षं झाली आहेत, पट्टी करत रहा पण दवाखाना लांबवू नको. ती रक्ताच्या तपासण्या करून आली, त्या ठीक आहेत. दिवस अजून राहिलेले नाहीत. परवा तिचा फोन होता. नवऱ्याची तपासणी येत्या मंगळवारी आहे, आणि तिनं सांगायच्या आधी त्यानंच जाऊन चिठ्ठी काढून आणली. मंगळवारी ते दोघं गांधीबागेत येतील. तिनं गटासाठी अस्तराचं दहा मीटर कापडही सांगितलं आहे, तेवढं मी काढून ठेवते आहे.